घोडा का जिंकला?

‘रविवारच्या मुख्य शर्यतीत अमुक घोडा बाजी मारेल, असा अंदाज आहे.’ पावसाळ्यात पुण्याचा मोसम सुरू झाला की हे वाक्य दर आठवड्याला छापून येतं. हिवाळ्यात शर्यती महालक्ष्मीला गेल्या की तेही मुक्काम हलवून मुंबईला जातं. बदलतं ते घोड्याचं नाव. त्याखाली शर्यतींची कोष्टकं, प्रत्येक कोष्टकाच्या पायाशी तीन नावं आणि शेवटी ‘आजचा बेस्ट’. का, ते कुठेच नाही.

ह्या ‘का’वरून माझ्या माहितीतल्या एका मामा-भाचीची नेहमी जुंपते. मामांची उमेदीची वर्षं एका सायंदैनिकात रेसचं पान लावण्यात गेली. सकाळी ट्रॅक, दुपारी छापखाना, असा दिवस. भाची आकडेवारीतली. नोकरी भलत्याच क्षेत्रात, पण सुट्टीच्या दिवशी शर्यतींचे व्हिडिओ मागेपुढे करत स्वतःचे तक्ते बनवते. पैसे दोघंही लावतात, बेताचे. पुण्यात एका पावसाळी दुपारी दोघांचं चाललं होतं ते जमेल तसं इथे उतरवतो.

मामा : हे जे छापलंय ना, ते रेसकोर्सवर पाऊल न टाकता लिहिता येतं. कार्ड समोर घ्यायचं, मागच्या खेपेला पहिला-दुसरा कोण आला ते बघायचं, नावाजलेल्या ट्रेनरचा घोडा वर चढवायचा. अर्ध्या तासाचं काम. ह्याला पत्रकारिता म्हणायची तर मग कँटीनच्या मेन्यूलाही म्हणा.

भाची : पूर्वी तुम्ही काय वेगळं लिहायचात? तुझी कात्रणं माळ्यावर आहेत अजून, मी चाळलीत. ‘घोडा तकाकतोय, जॉकी कसलेला, तबेला फॉर्मात.’ फरक फक्त कागदाच्या रंगाचा आहे मामा.

मामा : तू नेमकी वाईट कात्रणं काढलीस. एकाच शर्यतीबद्दल दोन तऱ्हेनं कसं लिहितात ते सांगतो. एक : ‘अमुकनं तमुकला सव्वा लेंग्थनं हरवलं, ढमुक तिसरा.’ हे निकालपत्रकात असतंच. वेळ असते, टोटचा भाव असतो, जॅकपॉट कितीला फुटला तेही असतं. वार्ताहर हवाच कशाला? आता दुसरं ऐक. ‘ढमुक वळणावर रेलिंगला कोंडला. पुढे दोन, बाहेरच्या अंगाला एक. फट मिळाली तेव्हा दीडशे मीटर राहिले होते. जॉकीनं छडी उचलली नाही, हातानंच आणला, तरी तिसरा. सोळाशेला परत लागला तर डोळा ठेवा.’ हे लिहायला माणूस लागतो. दुर्बीण लागते.

भाची : दुर्बीण तुझ्या काळात. आता शर्यत संपल्यावर व्हिडिओ फोनवर येतो. तो ढमुक मी चारदा मागे नेऊन बघते, कुठे कोंडला ते सेकंदासकट लिहून ठेवते. तुझ्या दुर्बिणीत एका वेळी एकच घोडा मावायचा. बाकीच्यांचं काय झालं ते तू शेजारच्याला विचारून लिहायचास.

मामा : आणि पहाटेचं?

पहाटेचं म्हणजे ट्रॅकवर्क. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. उजाडायच्या सुमाराला घोडे जोडीजोडीनं वाळूच्या ट्रॅकवर उतरतात. धुकं असलं तर आधी टापा ऐकू येतात, मग डोकी दिसतात. अंतराच्या खांबाशी घड्याळाचं बटण दाबायचं, पुढच्याशी सोडायचं. दुसऱ्या दिवशी छापून येतं : सहाशे मीटर, ३८ सेकंद, सहज. ह्यातलं अंतर आणि वेळ घड्याळ सांगतं. ‘सहज’ हा शब्द मात्र माणसाचा. वर रोजचा रायडर होता की हलका जॉकी? घोडा लगाम मागत होता की त्याला ढकलावं लागत होतं? जोडीला पळवलेला घोडा त्याच्या तोलाचा होता की चार पायऱ्या खालचा? हे सगळं त्या एका शब्दात बसवायचं. ३८ सेकंदांचे दोन घोडे एकसारखे नसतात, हे मामांचं म्हणणं मला तरी पटतं.

भाची : मला ‘सहज’बद्दल शंका नाही, ‘सहज’ कुणासाठी लिहिलंय त्याबद्दल आहे. मालक पैसे लावणार असतो. घोडा तयार आहे हे गावभर झालं की भाव पडतो. मग ज्या तबेल्यात वार्ताहराला चहा मिळतो, तिथला घोडा कधी ‘सहज’ आणि कधी ‘बरा’, हे कोण ठरवायचं?

मामा : चहा घेतला. घड्याळ नाही विकलं.

भाची : विकलं असं म्हणत नाहीये मी. पण गाळणं हाही व्यवहारच आहे ना? घोडा ओढला, जॉकीनं जोर लावलाच नाही, हे सगळं स्टँड बोलत असतं. लोक तिकिटं फाडून फेकत असतात. दुसऱ्या दिवशी तुमच्या पानावर काय? ‘फेव्हरिटनं निराशा केली.’

मामा : मग काय लिहायचं? पुरावा? स्टुअर्डांनी चौकशी लावली तर त्यांचा निकाल छापायचा. नाही लावली तर आपण छातीठोक लिहिणार कशाच्या जोरावर? बॅज क्लबचा, बसायची जागा क्लबची. एकदा गेटवर अडवलं की पान बंद.

भाची : अगदी हेच म्हणायचंय मला. आपल्याकडे शर्यती भरवणार टर्फ क्लब, नियम त्याचे, चौकशी त्याचेच स्टुअर्ड करणार, पैसे लावायचा टोटही तोच चालवणार. आणि ह्या सगळ्यावर लिहिणाऱ्याचा बॅजही तोच देणार. पत्रकारिता घसरली म्हणतोस, पण ती चढली होती कधी?

मामांनी ह्यावर पेपरची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटली, कारण एक गोष्ट भाचीला ठाऊक असणं कठीण आहे. मराठी मध्यमवर्गीय घरात ‘रेसला जातो’ हे वाक्य माणसाबद्दल नुसतं कुजबुजलं जायचं. त्यामुळे मराठी पेपरात रेस आली ती चोरट्या पावलांनी, भविष्याच्या शेजारी कुठेतरी. इंग्रजी पेपरांत निदान सुटाबुटाची प्रतिष्ठा होती. मराठी वाचकाचं खरं वाचन म्हणजे फाटकाबाहेर विकत मिळणारं पातळ रेसबुक, मागच्या खिशात दुमडून ठेवलेलं. पांडू खाडे, वसंत शिंदे ही मराठी जॉकींची नावं स्टँडमध्ये जयघोषात घेतली गेली, पण त्यांच्यावर मराठीत किती लिहिलं गेलं? मोतद्दार, रायडर, नालबंद ह्यांच्याविषयी तर विचारूच नका. मामांचं पान एवढ्याशा जागेत उभं होतं, हे विसरून चालणार नाही.

मामा : एक सांग. हा खेळ कायद्यात अजून तग धरून का आहे?

भाची : १९९६चा निकाल.

मामा : हं. जानेवारी १९९६. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू सरकार. सुप्रीम कोर्टानं म्हटलं, घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे. घोड्याची पैदास, तालीम, जॉकीचं कसब ह्यांवर तो चालतो आणि ह्या गोष्टी अभ्यासता येतात. मटक्यात आकडा लागतो, त्याला कारण नसतं. पूर्वी ज्यावर मटका लागायचा ते न्यूयॉर्कच्या कापसाचे भाव असोत की माठातली चिठ्ठी, अभ्यास करून काही कळणार नाही. घोड्याला कारण असतं. आता मला सांग, हे कारण लोकांना दिसतं कुठे? कोर्टाला काय, वकिलांनी समजावलं. स्टँडमधल्या माणसाला समजावणारा एकच होता, रेसचा वार्ताहर. तो कारण द्यायचा थांबला आणि नुसती तीन नावं देऊ लागला, की ते मटक्याचं ओपन-क्लोजच झालं. मग सरकारनं मटक्यासारखंच वागवलं तर ओरडायचं कशाला?

भाची : कराबद्दल बोलतोयस.

मामा : २०१७ला जीएसटी आला, २८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५पासून ४०. कॅसिनो आणि रेस एका रांगेत. क्लबवाले कोर्टात सांगतात, आमचा अभ्यासाचा खेळ. बाहेर येऊन आपल्याच जाहिरातीत जॅकपॉटची रक्कम लिहितात, अभ्यासाचा शब्द नाही.

भाची : ४० टक्क्यांचं खापर तू रेसच्या पानावर फोडणार असशील तर मी नाही ऐकणार. तो निर्णय जीएसटी परिषदेचा आहे. त्यांना कुणी चांगला शर्यतीचा वृत्तांत वाचून दाखवला असता तरी कर तोच लागला असता.

इथे भाचीचं बरोबर आहे. पण मामांचा मुद्दा कराचा नव्हताच. शर्यत आणि सोडत ह्यांत सामान्य माणसाला फरक दिसेनासा झाला तर तो फरक उरतो फक्त कोर्टाच्या निकालपत्रात, आणि निकालपत्र कुणी स्टँडमध्ये घेऊन बसत नाही.

भाची : शिवाय कारणं द्यायला आता लोक आहेत. मीच बघ ना. घोड्यावर वजन किती, सुटायच्या वेळी आतला ड्रॉ की बाहेरचा, फॉल्स रेल्स लावल्यात का, पेनेट्रोमीटरनं जमीन किती मऊ दाखवली, सगळं एका तक्त्यात. त्या तक्त्याला ना ट्रेनर चहा पाजत, ना क्लब बॅज देत.

मामा : मग एवढी माहिती वाढल्यावर लोक शहाणे व्हायला हवे होते. झाले? टेलिग्रामवर ‘शंभर टक्के फिक्स’ म्हणून घोड्याचं नाव विकणारे कमी झाले की वाढले?

भाची : (हसत) वाढले. तक्ता वाचायला दोन तास लागतात, नाव वाचायला दोन सेकंद.

मामा : म्हणजे ते दोन तास कुणीतरी वाचकाच्या वतीनं घालवायला हवेत. त्यालाच आम्ही वार्ताहर म्हणायचो.

भाची : मग असा वार्ताहर तुला मी दाखवते. अँड्र्यू बायर. वॉशिंग्टन पोस्टमध्ये रेसवर स्तंभ लिहायचा. त्यानं काय केलं, तर ट्रॅक जलद होता की संथ ते त्या दिवसाच्या सगळ्या शर्यतींवरून काढलं आणि वेळेचं एका आकड्यात रूपांतर केलं. मग आजचा ह्या कोर्सवरचा घोडा आणि महिन्यापूर्वीचा त्या कोर्सवरचा, दोघांची तुलना होऊ लागली. १९७५ला पुस्तक लिहून सगळं उघड सांगितलं. १९९२पासून ‘डेली रेसिंग फॉर्म’मध्ये त्याचे आकडे छापून येऊ लागले. पत्रकारानं हत्यार बनवलं आणि वाचकाच्या हाती दिलं. तुमच्यापैकी कुणी असं काही केलं?

मामा : आणि छापून आल्यावर काय झालं तेही सांग. आकडा सगळ्यांना कळला, म्हणून भाव पडले, म्हणून त्या आकड्यात पूर्वीसारखी कमाई राहिली नाही. मग काय उरलं? बघणं. कोण कोंडला, कोण बाहेरून लांबचा फेरा घेऊन आला. ते बायरलाही बघावं लागलंच. तो नुसता घरी बसून गणितं करत नव्हता बाई.

बराच वेळ ते हाच वाद ताणत राहिले. स्क्वाँडररचाही विषय निघाला. बंगळूरच्या रशीद बायरामजींच्या तबेल्यातला हा घोडा १९ शर्यती धावला आणि १८ जिंकला. मामांचं म्हणणं, अठरांची गोष्ट सगळे सांगतात, एकोणिसावी तो का हरला ते कुणी नीट लिहिलेलं त्यांना सापडलं नाही. मला वाटतं, ह्या सगळ्या वादातला सगळ्यात नेमका प्रश्न हाच होता. पण भाचीला दुसरीकडे जायचं होतं.

भाची : कोण कोंडला हे महत्त्वाचं, कबूल. पण त्याहून मोठ्या गोष्टी आहेत आणि तिथे तुमचं पान कायम गप्प असतं. महालक्ष्मीची जमीन घे. रेसकोर्सची २११ एकर. भाडेपट्टा २०१३ला संपला, अकरा वर्षं घोंगडं भिजत पडलं. २०२४ला ठरलं, १२० एकर शहराच्या उद्यानाला, ९१ क्लबकडे, २०५३पर्यंत. ज्या जमिनीवर हा खेळ उभा आहे तिचीच फाळणी! मी ते सगळं वाचलं महापालिका बघणाऱ्या वार्ताहरांच्या बातम्यांत. रेसच्या पानावर त्या दिवशीही ‘अमुक बाजी मारेल’.

मामा : हं.

भाची : किंवा सीरम इन्स्टिट्यूट. पूनावालांचा स्टड फार्म. म्हातारे झालेले घोडे हाफकिन इन्स्टिट्यूटला जायचे, त्यांच्या रक्तापासून सीरम बनायचं. मग १९६६ला त्यांनी म्हटलं, आपणच का बनवू नये? शर्यतीच्या तबेल्यातून लसींचा कारखाना निघाला. इतकी मोठी गोष्ट तुमच्या दारात, आणि बहुतेकांना ती करोनात कळली.

मामा : ते आमचं काम नव्हतं असं म्हणायचे संपादक. ‘तू घोडे बघ.’

भाची : अमेरिकेत असं म्हणाले नाहीत. जस्टिफाय नावाचा घोडा. २०१८ला ट्रिपल क्राऊन जिंकला, देशभर नाव. सप्टेंबर २०१९ला न्यूयॉर्क टाइम्सच्या जो ड्रेपनं छापलं की केंटकी डर्बीच्या आधी, एप्रिलमध्ये सांता अनिता डर्बीनंतर त्याच्या तपासणीत स्कोपोलामाइन हे बंदी असलेलं औषध सापडलं होतं. कॅलिफोर्नियाच्या रेसिंग मंडळानं बंद दाराआड प्रकरण मिटवलं. खाद्यात भेसळ झाली असेल, असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण ते लोकांसमोर म्हणायला हवं होतं. त्याच्याही आधी, २०१२ला, ड्रेप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की अमेरिकेच्या ट्रॅकवर आठवड्याला सरासरी २४ घोडे मरतात. २०२०ला तिथे घोड्यांच्या सुरक्षेचा देशव्यापी कायदा झाला. ह्या कामाला टिपवाल्यांचा हातही लागला नाही.

मामा : थांब. जो ड्रेप कोण होता? रेसचा वार्ताहर. वर्षानुवर्षं तबेल्यांत फिरलेला, शर्यतींवर पुस्तकं लिहिलेला. तपासणीचा कागद कुणाला दाखवायचा आणि त्यात काय विचारायचं, हे त्याला कुठून कळलं? पहाटे उठूनच ना? बाहेरच्या माणसाला तो कागद हातात दिला असता तरी उमगला नसता.

भाची : ...हे बरोबर आहे.

मामा : फरक एवढाच की त्याचा पगार वर्तमानपत्र देत होतं आणि वकीलही. आमच्याकडे पगार होता तेवढाच. आता तोही नाही. एक माणूस घरी बसून मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद, कोलकाता सगळीकडच्या निवडी लिहितो, ओळीवर पैसे. त्यानं ढमुक कोंडला ते बघायचं कधी आणि क्लबला प्रश्न विचारायचा कधी? तो आळशी आहे असं मी सकाळपासून म्हणतोय ते मागे घेतो. पण पान वाईट आहे ते आहेच.

इथे मी विचारलं, मग हे कोण भरून काढणार? क्लबनं पैसे दिले तर ते प्रसिद्धिपत्रक. बुकीनं दिले तर त्याहून वाईट. वाचकानं दिले तर तो म्हणणार, तीन नावं दे आणि गप्प बस. दोघांनीही माझ्याकडे, हा कशाला मधे आला, अशा नजरेनं पाहिलं.

भाची : मी एक करून बघणार आहे. पुढच्या मोसमात प्रत्येक शर्यतीनंतर पाच मिनिटांचा व्हिडिओ. काय झालं, का झालं. तू बोलायचंस.

मामा : मी?

भाची : तक्ते माझे, बोलणं तुझं. तुला तो ढमुक दिसतो, मला मोजता येतो.

मामा : एका अटीवर. तूही पहाटे ट्रॅकवर यायचं. झोपून राहून व्हिडिओ नाही.

भाची : येईन. माझी अट : कुठल्याही तबेल्यात चहा नाही.

मामा : (बराच वेळ थांबून) थर्मास घेऊन जाऊ. आणि टिप द्यायची नाही.

भाची : टिप नाही म्हटलं तर कुत्रं बघणार नाही मामा. निदान निवड सांगावीच लागेल.

मामा : सांग ना. पण कारण आधी, नाव मागून. आणि ज्या शर्यतीत काही कळत नाही, तिथे ‘ह्या शर्यतीत आम्हाला काही कळत नाही’ असं सरळ म्हणायचं. निम्म्या शर्यतींत तसंच असतं.

भाची : असं छापलेलं तू कधी वाचलंस?

मामा : एकदाही नाही. माझ्या पानावरसुद्धा संपादकांनी खोडलं असतं, जागा मोकळी राहते म्हणून.

भाची : व्हिडिओत जागेचा प्रश्न नाही. पण मग पाच मिनिटं बोलायचं काय?

मामा : का कळत नाही, ते.